न्यूकॅसलहून एका दिवसात एडिनबराचा किल्ला: पावणेपाच तासांत काय पाहावं, काय सोडावं?

मैथिली_प्रतापनगर

सगळ्यांना नमस्कार. मी नागपूरची, सध्या न्यूकॅसलला एम.एस्सी. करून राहिले. १४ मार्चला, शनिवारी, एडिनबराचा किल्ला पाहायला जायचं ठरलंय. सोमवारी सकाळी असाइनमेंट द्यायची आहे, त्यामुळे मुक्काम शक्य नाही. गाडी १०:४५ ला वेव्हर्ली स्टेशनात पोचते, परतीची १५:३० ची. दोन्ही तिकिटं त्या त्या गाडीचीच आहेत, बदलून मिळत नाहीत. म्हणजे हातात पावणेपाच तास, त्यातून स्टेशन ते गड जाणं-येणं वजा.

गाविलगड, नरनाळा दोन-दोनदा पाहिलेत, त्यामुळे नुसते फोटो काढून परत यायचं नाही. गड म्हणून तो कसा बांधला, कसा लढला, ते समजून पाहायचंय. नेटवर सगळीकडे "अर्धा दिवस ठेवा" एवढंच लिहिलेलं सापडतं, क्रम कोणी सांगत नाही. तिकीट आधी काढावं की दारावर? कुठून सुरुवात करू? स्टोन ऑफ डेस्टिनी (स्कॉटिश राजांच्या राज्याभिषेकाचा दगड) पाहण्यासारखा आहे का? आणि आईचा रोजचा प्रश्न: स्कॉटलंडला वेगळा व्हिसा लागतो का?

बुरूजवाला

आधी आईचं समाधान. वेगळा व्हिसा लागत नाही, ब्रिटनचा स्टुडंट व्हिसा स्कॉटलंडला चालतो. वाटेत कुठे तपासणीही नाही. तिकीट रेलकार्डावर (रेल्वेच्या सवलतीच्या कार्डावर) काढलं असेल तर ते कार्ड मात्र जवळ ठेव, नाहीतर डब्यात तपासनीस पूर्ण भाडं घेईल.

वेळ पुरतो, पण क्रम चुकला तर पुरत नाही. या गडावर चढाचं काही नाही, वेळ रांगांमध्ये जातो.

तिकीट आजच ऑनलाइन काढ. दर वीस पौंडांच्या थोडा इकडेतिकडे असतो, दारावर त्याहून महाग पडतं आणि शनिवारी कधी कधी दारावर मिळतच नाही. तिकिटावर प्रवेशाची वेळ असते. तू ११:३० ची घे, ११:०० ची नको. गाडी पंधरा-वीस मिनिटं उशिरा आली तरी चालेल, आणि वेळेवर आली तर दाराबाहेरच्या मैदानात पाहण्यासारखं आहे (त्याबद्दल कोणीतरी खाली लिहीलच). मार्चअखेरपर्यंत गड ९:३० ते १७:०० उघडा असतो, शेवटचा प्रवेश १६:०० ला. इंग्लिश हेरिटेजचं (इंग्लंडमधल्या जुन्या वास्तू सांभाळणाऱ्या संस्थेचं) सभासदत्व असेल तर तिकीट काढण्याआधी बघ: पहिल्या वर्षी इथे अर्धं तिकीट, नूतनीकरण केल्यावर फुकट.

स्टोन ऑफ डेस्टिनीसाठी जीव टाकू नकोस. तो मार्च २०२४ मध्ये पर्थच्या म्युझियममध्ये हलवला. जुन्या ब्लॉगांवर अजून "किल्ल्यात आहे" असंच लिहिलेलं असतं.

आता गड कसा वाचायचा ते. वेव्हर्ली स्टेशन खोलगटात आहे. या खोलगटात पूर्वी नॉर लॉख नावाचं तळं होतं, गडाच्या उत्तरेचा पाण्याचा खंदकच म्हण. ते आटवून आज बागा आणि रेल्वे आहे. वेव्हर्ली ब्रिजच्या बाजूने बाहेर पड, समोरच्या कोबर्न स्ट्रीटने (पाटीवर कॉकबर्न वाचशील) वळसा घेत वर चढ, रॉयल माइल हा गडाकडे जाणारा जुना रस्ता लागेल, तिथे उजवीकडे वळून सरळ गडाच्या दारात. पायी पंधरा ते वीस मिनिटं. गूगल तुला फ्लेशमार्केट क्लोजच्या पायऱ्यांनी नेईल. अंतर कमी आहे खरं, पण पायऱ्या उभ्या आहेत आणि पावसात निसरड्या होतात.

रॉयल माइलवर चालताना पायाखालचा चढ लक्षात घे, कारण गडाची सगळी लढाई त्या चढात आहे. किल्ल्याचा खडक म्हणजे जुन्या ज्वालामुखीच्या नळीत थिजलेला लाव्हा, सुमारे ३५ कोटी वर्षांपूर्वीचा. पश्चिमेकडून हिमनदी आली, तिला हा खडक फुटला नाही. तिने तीन बाजू तासून कडे केले आणि खडकाच्या आडोशाला, पूर्वेकडे, मऊ थराची लांब शेपटी तेवढी शिल्लक राहिली. रॉयल माइल त्या शेपटीच्या पाठीवरून चढतो. म्हणून गडाला तीन बाजूंनी कडा आणि पूर्वेकडूनच काय ती वाट. आपल्या सह्याद्रीच्या थराथरांच्या बेसाल्टापेक्षा ही रचना वेगळी, पण परिणाम ओळखीचा: गाविलगडाला जशी लबाडा गावाकडची उत्तर बाजू, तशी या गडाला पूर्व. वेढा घालणारा तिथूनच येणार, म्हणून तोफांची तोंडं तिकडेच.

आत शिरल्यावर पहिल्या तोफांपाशी (अर्गाइल बॅटरी) सगळे थांबतात, कारण तिथून शहर दिसतं. तू थांबू नकोस, परत तिथेच यायचंय. पोर्टकलिस दरवाजा मात्र एक मिनिट थांबून बघ. वरून खाली सुटणारं जाळीचं दार तिथे होतं, ते ज्या खाचेतून सरकायचं ती भिंतीतली खाच अजून आहे. हा दरवाजा १५७३ च्या वेढ्यानंतरचा. आपल्याकडे गोमुखी वळण देऊन शत्रूला कोंडतात, इथे जागा अरुंद म्हणून एकामागे एक दारं आणि वरून मारा.

दरवाजा ओलांडला की डावीकडे लँग स्टेअर्स, ७० पायऱ्या, थेट बालेकिल्ल्यात. गर्दी रस्त्याने वळून जाते, तू पायऱ्यांनी जा. वर पोचलीस की पहिलं काम क्राउन रूम. मुकुट १५४० मध्ये पाचव्या जेम्ससाठी नव्याने घडवलेला, राजदंड आणि तलवार पोपांनी भेट दिलेली. पावणेबारापर्यंत रांग दहा-पंधरा मिनिटांची असते, दुपारी ती राजवाड्याच्या बाहेर चौकात येते. आत फोटो काढू देत नाहीत, म्हणून रांग तशी सरकती असते.

त्याच राजवाड्यात एक लहानशी खोली आहे, १९ जून १५६६ ला मेरी राणीला तिथे मुलगा झाला, तोच पुढे इंग्लंडचाही राजा झाला. खोली बघायला दोन मिनिटं लागतात. ग्रेट हॉलचं लाकडी छत सोळाव्या शतकाच्या सुरुवातीचं आहे. मान वर करून छत बघ, भिंतीवरच्या तलवारींपेक्षा ते जास्त मोलाचं.

१२:४० ला खाली मिल्स माउंटवर ये. का, ते तोफवाले सांगतील.

तोफखाना

बरोबर, १२:४०. एक वाजता तिथे रोज तोफ उडते. रविवार, गुड फ्रायडे आणि नाताळ सोडून. तुझा शनिवार आहे, म्हणजे मिळेल. १२:५० नंतर आलीस तर चार रांगा पुढे असतील आणि फक्त आवाज ऐकू येईल, दिसणार नाही.

१८६१ पासून ही प्रथा आहे. लीथच्या बंदरातली जहाजं आपली घड्याळं लावायची, कारण समुद्रावर घड्याळ चुकलं की रेखांश चुकतो. त्याआधी काल्टन हिलवरच्या मनोऱ्यावर एक मोठा गोळा ठरल्या वेळी खाली सोडत, पण समुद्राकडून धुकं आलं की तो दिसायचा नाही. म्हणून तोफ. पण तोफेचा आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, बंदर तीन-चार किलोमीटरवर, म्हणजे आवाज पोचायला दहा-बारा सेकंद लागणार. त्यासाठी त्या काळी नकाशे छापले होते, गडाभोवती वर्तुळं काढून: इथे असाल तर इतके सेकंद वजा करा. आजची तोफ १०५ मिलिमीटरची लष्करी, फक्त दारूचा बार, गोळा नसतो. कानावर हात ठेवायला लाजू नकोस.

मॉन्स मेग बालेकिल्ल्यातच, सेंट मार्गारेट चॅपलच्या बाहेर आहे. म्हणून खाली उतरायच्या आधीच, १२:२० च्या सुमारास बघून घे. नरनाळ्यावर नऊगजी तोफ पाहिली असशील. मेग ही त्याहून वेगळ्या जातीची, आपण जिला बांगडी तोफ म्हणतो ती. लोखंडाच्या लांब पट्ट्या पिंपासारख्या उभ्या जुळवायच्या, त्यावर तापवलेल्या लोखंडी बांगड्या एकीला एक लागून चढवायच्या. बांगडी गार होताना आकसते आणि पट्ट्यांना आवळते. १४४९ मध्ये आजच्या बेल्जियममधल्या मॉन्सला घडवली, १४५७ मध्ये स्कॉटलंडच्या दुसऱ्या जेम्सकडे आली. वजन सहा टनांच्या वर, तोंड सुमारे ५० सेंटिमीटर, दगडी गोळा दीडशे किलोचा.

आता जवळ जा आणि तोंडाकडून नाही, मागून बघ. मागचा भाग अरुंद आहे, तो दारूचा कोठा. बारीक कोठ्यात दारू ठासली की सगळा जोर गोळ्याच्या पाठीवर एकवटतो. तिथून थोडं पुढे सरकलीस की एका जागी बांगड्या उडालेल्या आहेत आणि आतल्या उभ्या पट्ट्या उघड्या पडलेल्या दिसतात. १६८१ मध्ये राजाच्या भावाच्या वाढदिवसाची सलामी देताना ती तिथे फुटली. बांगडी तोफेची रचना उलगडून दाखवणारी अशी जखम फार थोड्या तोफांवर पाहायला मिळते. बहुतेक लोक तोंडात डोकं घालून फोटो काढतात आणि ही बाजू न बघताच जातात.

आणि एक, पाण्याचं. बालेकिल्ल्यात, हाफ मून बॅटरीजवळ जुनी विहीर आहे, फोर वेल. २८ मीटर खोल. खडक असा घट्ट की पाणी झिरपतच नाही, त्यामुळे इतकी खोल खणूनही ती भरवशाची नव्हती. आपल्या गडांवर टाकी खोदून पावसाचं पाणी साठवत, गाविलगडावर तर अख्खे तलाव आहेत. इथे शिबंदीचा जीव एका विहिरीवर टांगलेला. १५७१ ते १५७३ चा लांब वेढा तिनेच संपवला: मे १५७३ मध्ये इंग्रजी तोफांनी डेव्हिड्स टॉवर पाडला, मलबा विहिरीत आणि वाटेवर पडला, पाणी तुटलं आणि २८ मे ला किल्लेदार कर्कॅल्डी ऑफ ग्रेंजने गड खाली केला. दोन वर्षं दाणागोटा पुरला, पाणी दहा-अकरा दिवसांत गेलं.

त्या पडलेल्या टॉवरवरच अर्धचंद्राकार हाफ मून बॅटरी बांधली. टॉवरचे अवशेष आत गाडलेले होते, ते १९१२ मध्ये सापडले. खाली उतरून पाहता येतात. पाच मिनिटं लागतात आणि तिथे फारसं कोणी नसतं.

वऱ्हाड_दप्तर

बुरूजवाल्यांनी दाराबाहेरच्या मैदानाचं सोडून दिलं ते माझ्यासाठीच असावं. मैथिली, तू नागपूरची आहेस, म्हणून तुला हे मुद्दाम सांगतो.

गडाच्या दारापुढे एस्प्लनेड नावाचं मोठं पटांगण आहे. ऑगस्टमध्ये तिथे लष्करी बँडचा 'टॅटू' नावाचा कार्यक्रम होतो आणि त्याच्या आधीपासून दोन्ही बाजूंना प्रेक्षकांसाठी गॅलऱ्या उभ्या राहतात. मार्चमध्ये पटांगण मोकळं असतं, हे तुझं नशीब. गडाकडे तोंड केलंस की उजव्या हाताला, उत्तरेच्या कठड्याशी स्मारकं आहेत. त्यात एक उंच दगडी क्रूस आहे, सेल्टिक पद्धतीचा, मध्ये वर्तुळ असलेला. त्यावर हत्ती कोरलाय. एडिनबरात, थंड वाऱ्यात, दगडाचा हत्ती.

हे ७८ व्या हायलँडर पलटणीचं स्मारक. १८५७-५८ मध्ये हिंदुस्थानात मेलेल्या त्यांच्या सैनिकांसाठी १८६१ च्या सुमारास उभारलेलं. बहुतेक लोक हत्ती पाहून "इंडिया, म्हणून हत्ती" एवढंच समजतात. पण हत्ती ५७ चा नाही. तो त्या पलटणीचं मानचिन्ह होता आणि तो त्यांना मिळाला असईच्या लढाईबद्दल, २३ सप्टेंबर १८०३.

असई आज जालना जिल्ह्यात, भोकरदन तालुक्यात. केळणा आणि जुई नद्यांच्या बेचक्यात. समोर कोण होतं? दौलतराव शिंदे आणि आपले नागपूरकर दुसरे रघूजी भोसले. इंग्रज सेनापती ऑर्थर वेलस्लीने केळणेला उतार कुठे आहे ते स्वतः हेरलं: नदीच्या दोन काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली, तेव्हा मधे उतार असणारच, हा त्याचा तर्क. तिथून तो बाजूला आला. जिंकला, पण त्याची पंधराशेच्या वर माणसं ठार-जखमी झाली. मराठ्यांच्या तोफा आणि तोफची शेवटपर्यंत जागचे हलले नाहीत, हे इंग्रजांनीच लिहून ठेवलंय.

पुढचं तर पूर्ण वऱ्हाडातलं. २९ नोव्हेंबरला अडगावची लढाई. १५ डिसेंबरला गाविलगड: लबाड्याकडून तोफा डोंगरातून ओढून आणून बाहेरच्या तटाला खिंडार पाडलं, पण आतला तट शाबूत होता. तो चढला कॅप्टन कॅम्पबेल, ९४ व्या स्कॉच ब्रिगेडच्या शिपायांना घेऊन, शिड्या लावून, आणि आतून दरवाजा उघडला. किल्लेदार बेनीसिंग तिथेच पडला. म्हणजे गाविलगडही स्कॉटिश पलटणीनेच घेतला. दोन दिवसांनी, १७ डिसेंबरला, देवगावचा तह. भोसल्यांचा कटक प्रांत गेला, वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख गेला. गाविलगड आणि नरनाळा तेवढे परत मिळाले.

म्हणून आत जाण्याआधी त्या क्रूसापाशी दहा मिनिटं दे. मुकुट जगातल्या सगळ्यांसाठी ठेवलाय. हा दगड आपल्याशी बोलतो. नागपूरच्या फौजेविरुद्ध मिळवलेलं चिन्ह त्यांनी आपल्या मेलेल्या माणसांच्या डोक्याशी लावलंय, एवढा त्यांना तो दिवस मोठा वाटत होता. आपल्याकडे मात्र असईचं नाव शाळेच्या पुस्तकात एका ओळीत संपतं, याचं मनापासून वाईट वाटतं.

आत नॅशनल वॉर म्युझियम आहे, पण ७८ व्या पलटणीच्या वस्तू तिथे शोधत बसू नकोस. त्यांच्या परंपरेचं म्युझियम दूर, इन्व्हरनेसजवळ फोर्ट जॉर्जमध्ये आहे.

आणि तू निवडलेली तारीखही चांगली आहे. १४ मार्च १३१४ च्या रात्री स्कॉटिश सरदार थॉमस रँडॉल्फने ३० माणसं घेऊन उत्तरेचा कडा चढून हा गड इंग्रजांकडून घेतला. वाट दाखवणारा विल्यम फ्रान्सिस, गडाची चोरवाट त्याला माहीत होती. कोंडाजी फर्जंदाने ६० माणसांनी पन्हाळा घेतला ते १६७३ मध्ये, साडेतीनशे वर्षांनी. तो कडा बघायचा तर वरून नाही, खालून, प्रिन्सेस स्ट्रीटच्या बागेतून बघ. परतताना जमलं तर.

मैथिली_प्रतापनगर

हत्तीचं खरंच माहीत नव्हतं. धन्यवाद काका, ती दहा मिनिटं पक्की.

तीन गोष्टी अजून. लॅपटॉपची बॅग सोबत आहे, गाडीत लिहायचंय. ती आत नेऊ देतात का? शाकाहारी खायला काय? आणि एक वाजताच्या तोफेनंतर लगेच निघावं की थांबावं? कैदखाने पाहावे की वॉर म्युझियम, दोन्ही होईल असं वाटत नाही.

स्मिता_धंतोली

लॅपटॉपची नेहमीची पाठीवरची बॅग चालते, दारात उघडून तपासतात. चाकांची बॅग किंवा मोठी सॅक आत नेता येत नाही आणि गडावर सामान ठेवायची सोय नाही. तसलं काही असेल तर वेव्हर्ली स्टेशनात पैसे देऊन ठेवता येतं, पण त्यात तुझी वीस मिनिटं जातील. एकच छोटी बॅग आण.

खाण्यासाठी गडावरच्या कॅफेवर अवलंबून राहू नकोस. व्हेज सँडविच, सूप मिळतं, पण मिल्स माउंटजवळच्या कॅफेत एक वाजून पाच मिनिटांनी सगळी गर्दी घुसते. तोफ ऐकली की सगळ्यांना एकदम भूक लागते. सोबत धपाटे असतील तर उत्तम, दोन दिवस टिकतात, वाऱ्यात हाताने खाता येतात. लोणचं बॅगेत लॅपटॉपशेजारी ठेवू नकोस.

कपड्यांबद्दल कोणी बोललं नाही, ते महत्त्वाचं आहे. मार्चमध्ये नागपुरात ऊन चटके देतं, तिथे दुपारी आठ-नऊ अंश आणि गडावर वारा. तापमानापेक्षा वारा छळतो. छत्री उलटी होते, टोपीचं वॉटरप्रूफ जॅकेट घाल. बुटांचा तळ गुळगुळीत नको. गडावर बहुतेक ठिकाणी गोल डोक्याच्या दगडांची फरसबंदी आहे, ओली झाली की घसरते, उतरताना जास्त. फार वारा असला तर गड काही तास किंवा दिवसभर बंद ठेवतात. सकाळी गाडीत बसल्यावर गडाची वेबसाइट एकदा उघडून बघ, कारण बंद असेल तर ते तिथेच कळतं.

पैशाचं: कार्ड सगळीकडे चालतं. रोख दिलीस आणि स्कॉटिश बँकेच्या नोटा परत मिळाल्या तर त्या तिथेच खर्च कर. न्यूकॅसलच्या छोट्या दुकानात कोणी कोणी घ्यायला कुरकुर करतात.

बुरूजवाला

तोफेनंतर. गर्दी दोन वाटांनी फुटते: अर्धी कॅफेत, अर्धी वर मुकुटाकडे. तू ते आधीच उरकलेलं असेल. मग कैदखाने घे, वॉर म्युझियम सोड. म्युझियम चांगलं आहे, पण त्याला दीड तास लागतो आणि काचेतल्या वस्तू बघायला गडावर यावं लागत नाही. कैदखाने ग्रेट हॉलच्या खालच्या दगडी तळघरांत आहेत, तेच गडाचं पोट. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाच्या काळातले युद्धकैदी तिथे ठेवलेले. लाकडी दारांवर कैद्यांनी चाकूने कोरलेलं आहे, जहाजं, नावं. दारांवर उजेड तिरपा पडतो, तेव्हा बाजूने उभी राहून बघ, समोरून रेषा दिसत नाहीत.

तोफखाना

माझं थोडं वेगळं मत आहे. कैदखाने बघ, पण सेंट मार्गारेट चॅपल सोडू नकोस, लोक ते "एवढंसंच?" म्हणून ओलांडतात. ११३० च्या सुमाराचं आहे. १३१४ मध्ये गड घेतल्यावर स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट ब्रूसने तट-इमारती पाडायला लावल्या, इंग्रज परत आले तर त्यांना गड मिळू नये म्हणून. तेवढं चॅपल राखलं. म्हणजे गडावरचं सगळ्यात जुनं जे उभं आहे ते हेच. आत वीस-पंचवीस माणसं जेमतेम मावतात. आतल्या कमानीवर नागमोडी दात्यांची नक्षी आहे, तिच्यावर छिन्नीचे घाव दिसतात का ते बघ. मेगच्या शेजारीच आहे, वेगळा वेळ लागत नाही.

वऱ्हाड_दप्तर

येतानाच्या गाडीबद्दल एक. न्यूकॅसलहून येताना उजव्या बाजूच्या खिडकीत बस, बेरिकपासून पुढे समुद्र दिसतो. त्याच भागात, रुळांपासून थोडं आत, डन्स नावाचं गाव आहे. स्टीफन हिस्लॉप तिथला, १८१७ चा जन्म. तोच पुढे नागपूरला आला, सीताबर्डीच्या आणि टाकळीच्या खडकांतले जीवाश्म गोळा केले आणि १८६३ मध्ये टाकळघाटजवळ बोरी नदीच्या पुरात बुडाला. हिस्लॉप कॉलेजला त्याचं नाव आहे. लॅपटॉपवरून मान वर काढायला एवढं कारण पुरे.

मैथिली_प्रतापनगर

मी असं धरते: ११:१० हत्ती, ११:३० आत, पायऱ्यांनी वर, मुकुट, हॉल, टॉवरचे अवशेष आणि विहीर, १२:२० मेग आणि चॅपल, १२:४० मिल्स माउंट, १:१० ला कैदखाने, २:०० ला बाहेर. कडा खालून बघायला वेळ उरतो का?

बुरूजवाला

उरतो. कैदखाने परत वरच आहेत, त्यामुळे दोनला नाही, सव्वादोनला बाहेर पडशील. दारातून निघाल्यावर आलेल्या वाटेने जाऊ नकोस. कॅसलहिलवरून डावीकडे रॅम्झे लेन उतरते, ती उभी आहे, गुडघे सांभाळ. खाली माउंडवर पोचलीस की प्लेफेअर स्टेप्सने बागेकडे उतर आणि पश्चिमेकडे चाल. कडा डोक्यावर येतो. पावणेतीनपर्यंत तिथे थांब, मग बागेच्या कडेने पूर्वेकडे वेव्हर्ली, दहा-पंधरा मिनिटं.

१५:१० ला स्टेशनात असायला हवं. फलाट खूप आहेत आणि न्यूकॅसलची गाडी कुठून सुटेल ते शेवटच्या पंधरा-वीस मिनिटांतच फळ्यावर लागतं. काही फलाट पुलावरून पलीकडे आहेत. गाडीची दारं सुटण्याच्या दोन मिनिटं आधी बंद होतात, १५:२९ ला धावत आलीस तर समोर गाडी उभी असूनही आत घेणार नाहीत, आणि तुझं तिकीट दुसऱ्या गाडीला चालणार नाही.

स्मिता_धंतोली

त्या शनिवारी मुरेफील्डला रग्बीचा सामना आहे का तेही आजच बघून ठेव. असला तर परतीची गाडी खच्चून भरते, तिकिटासोबत सीट नंबर घेतलेला बरा, नाहीतर असाइनमेंट उभ्यानेच लिहावी लागेल.